गाण्याची चोरी: नुकसान कुठं होतं आणि हात कुठं घालायचा

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गेल्या वर्षी सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या तोंडावर तुम्ही सिद्धरामेश्वरांवर एक भक्तिगीत काढलं. स्टुडिओ, हलगी-संबळवाले, कोरस आणि व्हिडिओ मिळून ७० हजार गेले. तुमच्या चॅनलवर ४० हजार व्ह्यूज झाले, आणि दुसऱ्या कुणीतरी तेच गाणं उचलून टाकलं त्यावर ३ लाख. होम मैदानावरच्या स्टॉलवर ५०० गाण्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये ते विकलं गेलं, एका डीजेनं रिमिक्स केलं आणि आता त्याच चालीवर कुणीतरी तेलुगूत गायलंय. नुकसान किती धरायचं, पोलिसांत जायचं का, की वकिलांचे ३० हजार वाचवून गप्प बसायचं, असं तुम्ही विचारताय.

तुम्ही या सगळ्याला एकच चोरी समजताय. हे चार वेगळे प्रकार आहेत. चौघांचा कायदा वेगळा, पैसा वेगळा, आणि त्यातल्या एकाच्या मागं तर लागूच नये. त्यातही पेन ड्राइव्हवाला तुमच्या डोळ्यांत जास्त खुपतोय, कारण तो समोर दिसतो. पैशाच्या हिशेबात तो शेवटचा आहे.

हिशेबच करू. पेन ड्राइव्ह ३०० रुपयांना विकला आणि त्यात ५०० गाणी असली, तर एका गाण्याच्या वाट्याला ६० पैसे येतात, तेही पेन ड्राइव्हची किंमत न वजा करता. असे २,००० पेन ड्राइव्ह खपले असं धरलं तरी तुमच्या गाण्याच्या नावानं १,२०० रुपये. त्यापायी वकिलांना ३० हजार देणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता ते ३ लाख व्ह्यूज. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलवाल्याच्या हिशेबाच्या पानावर, आरपीएम नावाचा आकडा दिसतो. दर हजार व्ह्यूजमागं हातात किती पडले ते तो सांगतो. भाषा, विषय आणि महिन्याप्रमाणं तो बदलतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, स्वतःचाच बघा. समजा १२ रुपये धरला, तर ३ लाखांचे ३,६०० रुपये होतात. म्हणजे पेन ड्राइव्हच्या तिप्पट, पण सत्तर हजारांच्या जवळपासही नाही. शिवाय तुमच्या चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम नसेल, तर ते तीन लाख तुमच्याकडं आले असते तरी जाहिरातीचा पैसा शून्यच होता.

मग नुकसान आहे कुठं? नावात आहे. तीन लाख लोकांनी ज्या व्हिडिओवर गाणं ऐकलं, तिथं गायक म्हणून तुमचं नाव नाही आणि संपर्काचा नंबर दुसऱ्याचा आहे. पुढच्या जत्रेची, जागरणाची, मंडळाच्या कार्यक्रमाची सुपारी त्या नंबरवर जाते. एका कार्यक्रमाची बिदागी त्या ३,६०० पेक्षा नक्कीच मोठी असते. त्याहून वाईट म्हणजे, उचलणाऱ्यानं तेच गाणं स्वतःच्या नावानं एखाद्या डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी ॲपवर पोचवणारी कंपनी) नोंदवलं, तर उद्या तुमच्याच व्हिडिओवर त्याचा दावा येतो आणि तुमच्या जाहिरातीचा पैसा त्याच्या खात्यात वळतो. असं झालंय का ते आजच तपासा: यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओसमोर ‘कॉपीराइट’ असं काही दिसतं का, आणि स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर तुमच्या गाण्याचं मुखड्याचं वाक्य टाकून बघा.

मोठ्या कंपन्या नुकसान मोजताना दर कॉपीमागं एक विक्री बुडाली असं धरायच्या. तसं धरता येत नाही. फुकट मिळालं म्हणून घेणारा प्रत्येक जण विकत घेणारा नसतो. २००७ मध्ये ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी फाइल शेअरिंगचा अल्बमविक्रीवर परिणाम जवळजवळ शून्य असल्याचा निष्कर्ष काढला, आणि लायबोविट्झसारख्यांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला. तो वाद मिटलेला नाही. पण मोठं चित्र स्पष्ट आहे. १९९९ मध्ये गाणी फुकट वाटून घ्यायची नॅपस्टर ही सेवा आली, त्यानंतर जगभरची रेकॉर्डिंगची कमाई घसरत गेली आणि २०१४ च्या सुमारास तळाला गेली. नॅपस्टर २००१ मध्ये बंद पडली, २००३ पासून अमेरिकेत कंपन्यांनी साध्या श्रोत्यांवर हजारो दावे लावले, पण घसरण थांबली ती स्ट्रीमिंगमुळं. रेकॉर्डिंग कंपन्यांच्या आयएफपीआय या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये ही कमाई २८.६ अब्ज डॉलर झाली, आणि त्यात दोन तृतीयांश स्ट्रीमिंगची. आपल्याकडं २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर स्वस्त डेटा मिळाला आणि मेमरी कार्ड भरून देणाऱ्या मोबाइल दुकानांचा धंदा आपोआप बसला; पोलिसांच्या धाडींना इतकं जमलं नव्हतं. म्हणून माझा कल आधी पैसा वळवण्याकडं असतो, बंद पाडण्याकडं नंतर.

पण वळवायचा तर गाणं तुमचं आहे हे सिद्ध व्हायला हवं, आणि इथंच बहुतेकांचं घोडं अडतं. गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते केलं तो, म्हणजे निर्माता. पैसे तुम्ही घातले, सगळं तुम्ही जमवलं, तर निर्माते तुम्ही. प्रोजेक्टची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर आहे म्हणून स्टुडिओवाला मालक होत नाही. पण शब्द दुसऱ्या कवीचे असतील आणि चाल अरेंजरनं दिली असेल, तर त्या दोघांशी लेखी करार हवा. तोंडी कबुली चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कायद्यातली ही दोन वाक्यं माहीत नसल्यानं ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं समजून बसलेले कवी आणि ‘कायमचे घेतले’ असं समजणारे निर्माते, दोघंही मला वारंवार भेटतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर कवी आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देऊच शकत नाहीत.

चालीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि उत्तराचा अर्धा भाग त्यावर ठरतो. चाल पारंपरिक असेल, म्हणजे नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी, तर ती सगळ्यांची आहे. तिच्यावर दुसऱ्यानं तेलुगूत गाणं गायलं तर तुम्हाला बोलता येणार नाही. तुमचं फक्त ध्वनिमुद्रण आणि नवे शब्द. चाल नव्यानं बांधली असेल तर तेलुगू गाण्यावर हरकत घेता येते, पण ती संगीतकारानं किंवा त्याच्याकडून हक्क घेतलेल्यानं. चाल एखाद्या चित्रपटगीताची असेल, आणि आपल्या भागातली बरीच भक्तिगीतं आणि जयंतीची गाणी तशीच असतात, तर कुणालाही नोटीस पाठवायच्या आधी थांबा. तुम्ही नोटीस दिलीत की समोरचा मूळ कंपनीला कळवू शकतो, आणि मग चोर म्हणून तुमचं नाव येतं. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालीचा हक्क टिकतो.

दुसरा सापळा लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायच्या तयार तुकड्यांचा. हलगी आणि संबळ खरे वाजवले म्हणताय, पण मागं तानपुरा, पॅड, ढोलाचे ठेके कुठून आले? फुकट लूप किंवा ‘बीट’ भाड्यानं घेतला असेल तर तोच तुकडा शेकडो गाण्यांत असतो. असं गाणं कंटेंट आयडीत (सारखा आवाज ओळखून दावा लावणारी यूट्यूबची यंत्रणा) टाकलं की ती त्या लूपवरच जुळवते आणि अनोळखी लोकांच्या व्हिडिओवर तुमचे दावे पडायला लागतात. तक्रारी वाढल्या की डिस्ट्रिब्यूटर तुमचं खातं बंद करतो, आणि साठलेला पैसाही अडकतो. अरेंजरकडून कुठला लूप कुठून घेतला याची यादी मागून घ्या. लूप असेल तर तो काढून किंवा खरं वाद्य वाजवून मिक्स परत करा आणि तीच आवृत्ती कंटेंट आयडीला द्या.

कागद जुळले की क्रम असा ठेवा. आधी डिस्ट्रिब्यूटरमार्फत गाणं सगळ्या ॲपवर द्या आणि आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक, घ्या. हा १२ अक्षरी कोड असतो: दोन अक्षरं देशाची, तीन नोंदणीदाराची, दोन आकडे वर्षाचे, पाच गाण्याच्या क्रमांकाचे. एका ध्वनिमुद्रणाला एकच कोड. डिस्ट्रिब्यूटर बदलला तरी तोच पुढं न्यायचा. लोक इथं नवा कोड घेतात आणि मग व्ह्यूज, रॉयल्टी सगळं दोन गाण्यांत फाटतं. कंटेंट आयडी हवा असं अर्जात वेगळं निवडावं लागतं. काही डिस्ट्रिब्यूटर त्यातला टक्का कापतात, तो आधी विचारा. यूट्यूब छोट्या चॅनलला कंटेंट आयडी थेट देत नाही, पण डिस्ट्रिब्यूटरमार्फत मिळाला की तुमच्या स्वतःच्या चॅनलला जाहिरातीचा पैसा सुरू नसला तरी दुसऱ्याच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा वाटा तुमच्याकडं येऊ शकतो. दुसऱ्याच्या व्हिडिओवरून पैसा मिळवायची वाट मुख्यतः हीच. मात्र दावा लागतो तो लागल्यानंतरच्या व्ह्यूजना. मागचे गेलेले परत येत नाहीत. म्हणून पुढच्या गाण्याला प्रकाशनाच्या दोन-तीन आठवडे आधी फाइल डिस्ट्रिब्यूटरकडं गेलेली असू द्या. जत्रेचं गाणं संक्रांतीच्या आठवड्यातच चालतं. दावा फेब्रुवारीत लागून काय उपयोग?

आता चौघांकडं वळू.

पूर्ण व्हिडिओ उचलून स्वतःचा नंबर टाकणारा: हा अपवाद; याचा व्हिडिओ काढायला लावा, त्यावर पैसा घेत बसू नका. तुमचं नाव तिथं नाही, हेच मुख्य नुकसान आहे. आधी पुरावा घ्या, मग नोटीस. व्हिडिओची लिंक, चॅनलचं नाव, तारीख, व्ह्यूज आणि वर्णनातला नंबर दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट, शिवाय स्क्रीन रेकॉर्डिंग. नोटीस गेल्यावर तो व्हिडिओ लपवतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही. मग यूट्यूबचा कॉपीराइट अर्ज भरा. त्यात लगेच काढा किंवा ७ दिवसांची मुदत द्या, असे दोन पर्याय असतात. ओळखीतला, पोरगेला चॅनलवाला असेल तर मुदत द्या, तो मुकाट काढतो. पहिली खरी नोटीस मंजूर झाली की मॅच टूलही मिळतं आणि पुढची उचलाउचल आपोआप दिसते. नोटिशीनं व्हिडिओ काढला गेला की टाकणाऱ्याला स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसतो. ९० दिवसांत तीन बसले तर चॅनल जाऊ शकतं. तो प्रतिनोटीस देऊ शकतो, आणि तशी दिली तर तुम्हाला १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो. म्हणून चालीबद्दल खात्री नसताना ही वाट धरू नका.

टेलिग्राम चॅनल, एमपीथ्रीच्या साइट अशा ठिकाणी भारतीय नियमांतली नोटीस चालते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणं मध्यस्थानं (ते ॲप किंवा साइट चालवणाऱ्यानं) ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, आणि तो २१ दिवस रोखलेला राहतो. त्या २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देईन अशी हमी तुम्हाला नोटिशीतच लिहून द्यावी लागते. ही ओळ नेटवरच्या फुकट नमुन्यांत बहुतेक वेळा नसते, आणि ती नसल्यानं नोटीस बाजूला पडते.

डीजेचा रिमिक्स: हा पाडू नका. वेग आणि स्वर बदलल्यानं कंटेंट आयडी कधी चुकतं, तेव्हा डिस्ट्रिब्यूटरला लिंक देऊन हातानं दावा लावून घ्या. पैसा तुमच्याकडं, प्रसिद्धी दोघांची. त्याला वर्णनात गायक, कवी आणि मूळ गाण्याची लिंक टाकायला सांगा. नावाचा हक्क कायद्यात कलम ५७ खाली वेगळा आहे आणि तो हक्क विकल्यानंतरही कवी-संगीतकाराकडं राहतो. मिरवणुकीत वाजतं त्याच्या मागं तर अजिबात लागू नका. खऱ्या धार्मिक समारंभात, लग्नाच्या वरातीतसुद्धा, गाणं वाजवणं कलम ५२ मध्ये सूट म्हणून दिलेलं आहे.

तेलुगू गाणं: त्यानं तुमचं ध्वनिमुद्रण वापरलेलं नाही, नव्यानं गायलंय, त्यामुळं कंटेंट आयडीचा भरवसा धरू नका. सोलापुरात ही गोष्ट नेहमीची. पूर्व भागात एखादी चाल गाजली की आठवड्यात तिचं तेलुगू किंवा कन्नड होतं. चाल तुमची आणि नवी असेल तर चालीची स्वतंत्र नोंदणी करा. कॉपीराइट कार्यालयात शब्द आणि चाल यांची फी प्रत्येकी ५०० रुपये आहे, ध्वनिमुद्रणाची २,०००. अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, हक्क ती नसतानाही असतो, पण वाद झाला की तारखेचा कागद उपयोगी पडतो. त्या गायकाला मात्र आधी फोन करा. कवर गाण्याचा (दुसऱ्याचं गाणं नव्यानं गाण्याचा) वैधानिक परवाना, जो मालकाच्या संमतीशिवाय कायद्यानं मिळतो, तो मूळ ध्वनिमुद्रणानंतर ५ वर्षं मिळतच नाही, म्हणजे त्याला आज तुमची परवानगी लागतेच. हे त्याला सांगितलं की बहुतेक वेळा वाट्याचा करार होतो, आणि तो तुमच्या फायद्याचा असतो: एक भाषा तुम्हाला आयती मिळाली.

पेन ड्राइव्हवाला: पैशासाठी नाही, पण फाइल कुठून फुटली हे कळण्यासाठी एक पेन ड्राइव्ह बिलासकट विकत घ्या. गाणं ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे स्वरांच्या उंचीचं चित्र, बघा. यूट्यूबवरून काढलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री साधारणपणे १६ हजार हर्ट्झच्या वर कापल्यासारखी सपाट दिसते. हलगीच्या काडीचा जो टणत्कार वर २० हजारांपर्यंत जातो तो नाहीसा झालेला असतो. तो शाबूत दिसला, किंवा गाण्याची सुरुवात प्रकाशित आवृत्तीपेक्षा वेगळी निघाली, तर संशय स्टुडिओ किंवा वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्या. पुढच्या वेळी प्रत्येकाला रियाजासाठी पाठवायच्या फाइलमध्ये कुठंतरी एक टाळ किंचित पुढंमागं ठेवा आणि कुणाला कुठली दिली ते लिहून ठेवा. कुणाकडून गेलं ते लगेच कळतं.

पोलिसांत जायचंच असेल तर स्टॉलवाल्यापेक्षा त्याला माल पुरवणाऱ्यावर जा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. कलम ६४ प्रमाणं उपनिरीक्षक किंवा वरचा अधिकारी वॉरंटाशिवाय माल जप्त करू शकतो. ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकू आलं तर त्या निकालाची प्रत पुढं ठेवा. आणखी एक सोपी बाजू: कलम ५२अ प्रमाणं ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचं व हक्कदाराचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष हवं. स्टॉलवरच्या पेन ड्राइव्हवर फक्त देवाचा फोटो असतो. हा भंग कलम ६८अ खाली वेगळा गुन्हा आहे आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. स्क्रीनशॉट आणि फाइल दिल्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅशसकट (फाइलचा डिजिटल ठसा) जोडा, नाहीतर पुढं कोर्टात तो पुरावा टिकवताना दमछाक होते. दिवाणी दाव्यासाठी मुंबई किंवा हैदराबादला जायची गरज नाही. कलम ६२ मुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे सोलापुरातच, दावा लावता येतो.

वकिलांना ३० हजार आजच देऊ नका. त्यातले निम्मेही कवी, अरेंजर आणि वादकांबरोबरचे करार नीट करून घेण्यात आणि नोंदणीत घातलेत तर पुढच्या प्रत्येक गाण्याला ते उपयोगी पडतील. चाल कुठली, लूप वापरलेत का, आणि कवीशी कागद झालाय का, एवढं इथं कळवा. मग त्या तीन लाखांच्या व्हिडिओवर नोटीस देता येते का, ते नक्की सांगता येईल.